‘काहीही चालेल’ म्हणणारा नवरा आणि दोन फोडण्यांची आमटी

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या मुली बहुधा एकाच तक्रारीने सुरुवात करतात : “मला घर सांभाळता येत नाही.” स्वयंपाक बिघडतो, घर मनासारखे लागत नाही, नोकरी करून जीव थकून जातो, आणि आईला किंवा सासूबाईंना जे सहज जमत होते ते आपल्यालाच का जमू नये, असा त्यांचा प्रश्न असतो. या प्रश्नाला उत्तर देताना मला एक जोडपे हमखास आठवते. त्यांच्या परवानगीने त्यांची हकीकत येथे देत आहे. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

मुलगी कोल्हापूरची, सासर बडोद्याचे. नवऱ्याचे घराणे सयाजीराव महाराजांच्या काळात नोकरीनिमित्त येथे आले आणि दांडिया बाजारात स्थिरावले. घरातले बोलणे मराठी असले तरी जिभेला वळण गुजराती, म्हणजे आमटीत गुळाचा हात सढळ, आंबटपणाला आमसूल, वरून शेंगदाणे आणि तिखट जेमतेम. लग्नानंतर दोघांनी गोत्री भागात फ्लॅट भाड्याने घेतला आणि सासूबाई जुन्या घरीच राहिल्या, त्यामुळे एका ओट्यापाशी दोघींची गाठ पडण्याचा प्रसंग क्वचितच येई. तरीही पहिल्याच भेटीत ही मुलगी म्हणाली, “मॅडम, संध्याकाळी ऑफिस सुटलं की पोटात गोळा येतो.”

असे कोणी सांगितले की मी आधी झोप, भूक आणि एरवी आवडणाऱ्या गोष्टींतला रस यांची चौकशी करते, कारण उदासी दोन आठवड्यांहून अधिक काळ, जवळजवळ रोज आणि दिवसभर टिकत असेल तर प्रश्न स्वयंपाकाचा राहत नाही आणि मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवावे लागते. (टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावरही मोफत बोलता येते.) मारहाण, पैशांची मागणी, माहेरशी बोलण्यावर बंदी यांपैकी काही आहे का, हेही विचारते, तसे असेल तर आमच्याकडे गुजरातेत १८१ अभयम या महिला हेल्पलाइनची मदत मिळते आणि तेथे ‘जुळवून घ्या’ हा सल्ला देणे अन्यायाचे ठरते. या मुलीच्या बाबतीत यांपैकी काहीही नव्हते.

मग मी तिला आदल्या दिवशीची संध्याकाळ काही न वगळता सांगायला लावली. घरी आल्याबरोबर पर्सही खाली न ठेवता तिने कुकर लावला होता. डाळ शिजल्यावर ती दोन पातेल्यांत काढली. एकात हिंग-मोहरीची फोडणी देऊन गूळ, आमसूल आणि शेंगदाणे घातले, दुसऱ्यात लसूण परतून माहेरहून आलेली कांदा-लसूण चटणी घातली. मध्येच सासूबाईंचा फोन आला, “आज काय केलंस गं?” तिने आमटी सांगितली. पोळ्या लाटत असताना आईचा व्हिडिओ कॉल आला, तिलाही हाच प्रश्न पडला होता, आणि तिला मात्र दुसरे पातेले दाखवले गेले. जेवायला बसल्यावर नवऱ्याने गोड आमटी एकदा वाढून घेतली, मोबाईल पाहत संपवली आणि तो उठला. तिने आपल्या पातेल्यातली आमटी सिंकपाशी उभ्यानेच दोन घास भाताबरोबर खाल्ली आणि उरलेली फ्रीजमध्ये ठेवली, जिथे परवाचीही तशीच पडून होती.

“दोन आमट्या करायला तुला कोणी सांगितलं?” असे मी विचारले. ती बराच वेळ विचार करून म्हणाली, “कोणीच नाही.”

मला या उत्तरात तिच्या थकव्याचा उगम दिसला. तिला स्वयंपाक उत्तम येत होता; एका शिजलेल्या डाळीचे रोज दोन चवींचे पदार्थ करणे हे काही नवशिकीचे काम नव्हे. ती दमत होती ती दोन्ही घरांना रोज हिशेब देऊन, आणि तो हिशेब कोणत्याही घरी पुरा पडत नव्हता. पाककृतींची पुस्तके किंवा ‘आठवड्याचा मेनू आधी ठरवा’ यांसारखे सल्ले अशा मुलींना आणखी एक परीक्षा देतात, म्हणून मी ते सहसा देत नाही.

पुढच्या भेटीला मी नवऱ्यालाही बोलावले. मुलगा सरळ आणि बायकोविषयी खरी काळजी असलेला होता. “मी तिच्यावर कसलीच सक्ती करत नाही, तिने काहीही केलं तरी मला चालतं,” असे तो प्रामाणिकपणे म्हणाला. मला विचाराल तर नव्या संसारातले हे सर्वांत महाग पडणारे वाक्य आहे. ऐकायला ते उदार वाटते, परंतु त्यामुळे काय करायचे, काय आणायचे, घरात काय संपले आहे हे सगळे ठरवण्याचे काम दुसऱ्यावर पडते, आणि निर्णय चुकला तर दोषही तिचाच ठरतो. शिवाय ते खरेही नसते. मटकीची उसळ तिखट झाली त्या दिवशी त्याने ‘भूक नाही’ म्हणून ताटात अर्धी ठेवली होती, आणि एकदा आमटीत गुपचूप साखर घालून घेतली होती. हे दोन्ही प्रसंग तिने तारखेनिशी सांगितले आणि तो चकित झाला.

त्याचे दुसरे म्हणणे ‘मी मदत करतो’ असे होते. मी त्याला राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणातले आकडे दाखवले : स्वतःच्या घरातले बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्या कामात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे जातात, तर ते करणाऱ्या पुरुषांची ८८. ठरवण्याचे आणि आठवण ठेवण्याचे ओझे मिनिटांच्या हिशेबात नीटसे धरता येत नाही, ते वेगळेच. म्हणून मी कामे वाटून देण्याऐवजी दिवस वाटायला सांगितले. मंगळवार आणि शुक्रवार त्याचे : काय करायचे ते त्यानेच ठरवायचे, खंडेराव मार्केटातून भाजी त्यानेच आणायची, आणि ‘आज काय करू?’ असे तिला विचारायचे नाही. तिनेही त्या दिवशी ओटा पुसण्यावर किंवा जिरे करपण्यावर चकार शब्द काढायचा नाही. ही दुसरी अट तिला पहिल्यापेक्षा कितीतरी जड गेली आणि पहिल्या शुक्रवारी तिने ती मोडलीही. इतर दिवशी एकच आमटी करायची. गूळ आणि चटणी ज्याने त्याने वरून घ्यावी.

आता झोपाळ्याविषयी, कारण घर लावण्याचा सगळा वाद त्यात अडकला होता. संखेड्याचे लाकडी लाखकाम बडोद्यात घरोघरी ओळखीचे आहे. तसा एक तांबूस-सोनेरी झोपाळा, चौकटीसकट, सासूबाईंनी प्रेमाने फ्लॅटवर पाठवून दिला होता आणि त्याने अर्धा हॉल व्यापला होता. मुलीला तेथे सोफा हवा होता. तिने झोपाळ्यावर कपडे वाळत घालायला सुरुवात केली होती आणि सासूबाईंनी ते येऊन पाहिले होते. गॅलरीत हलवावा म्हटले, तर लाखेचे काम उन्हापावसात टिकत नाही. दरम्यान ती मंगळ बाजारातून पडदे, उशांचे अभ्रे, भिंतीवरची तोरणे असे काहीबाही आणत राहिली आणि घर अधिकच परके दिसू लागले.

त्या चर्चेत एकदा तिने आपणहून सांगितले की झोपाळा तिला आवडतो. राग आहे तो कोणी विचारले नाही याचा. तेव्हा दिवाळीपर्यंत कोणतीही नवी वस्तू आणायची नाही, भिंती मोकळ्या राहिल्या तर राहू द्यायच्या, आणि झोपाळ्याविषयी आईशी मुलानेच बोलायचे, असे ठरले. सासूबाईंना मी बोलावले नाही. त्यांचा हेतू वाईट नव्हता, आणि जे बोलणे मुलाने करायचे ते समुपदेशकाने केले तर सुनेचेच नाव पुढे येते. “आई, पाठवण्याआधी तू आम्हाला विचारायला हवं होतंस,” एवढेच तो म्हणाला. त्या काही दिवस फोनवर तुटक बोलल्या. पुढे संध्याकाळचा प्रश्न त्या मुलालाच विचारू लागल्या आणि मंगळवारची फोडणी कशी द्यायची हे त्यालाच शिकवू लागल्या.

सोफा आला नाही. झोपाळा भिंतीकडे सरकवून समोर गादी-तक्के घातले गेले. शेवटच्या भेटीत दोघे पडद्यांच्या रंगावरून माझ्यासमोरच हुज्जत घालत होते. तिला मोरपिशी हवे होते. त्याला ते भडक वाटत होते आणि तसे तो स्पष्ट म्हणत होता. मी मध्ये पडले नाही आणि पुढची तारीखही दिली नाही.