उन्हाळ्यात टर्बो गाडीची ओढ कमी होते, वॉटर-कूल्ड इंटरकूलरचं काय तपासावं?

जालना-नांदेड रस्त्यावर मे महिन्यात दोन-तीन ओव्हरटेक झाले की तुमच्या १.० टीएसआयची (फोक्सवॅगन-स्कोडाच्या एक लिटर टर्बो पेट्रोल इंजिनाची) ओढ कमी होते, असं तुम्ही विचारलंय. या इंजिनात इंटरकूलर, म्हणजे टर्बोने दाबून तापलेली हवा थंड करणारा भाग, इनटेक मॅनिफोल्डमध्येच (हवा सिलिंडरकडे नेणाऱ्या नळ्यांमध्ये) बसवलेला असतो आणि त्याचं पाणी (कूलंट) पुढच्या छोट्या रेडिएटरमध्ये थंड होतं. बाहेर ४३ अंश असेल तर ते पाणी त्याखाली जाणारच नाही. हवा फार तापली की ईसीयू (इंजिनाचा संगणक) नॉकिंग, म्हणजे इंधन अवेळी पेटून होणारी ठोकाठोक, टाळायला ठिणगीची वेळ (इग्निशन) मागे घेतो, म्हणून ओढ कमी वाटते.

ओबीडी स्कॅनर (गाडीच्या सॉकेटला जोडून इंजिनाची माहिती दाखवणारं यंत्र) लावून इनटेक तापमान, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान, बघा. सिग्नलला उभं राहिल्यावर ते चढणारच. पण मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने चालवूनही उतरत नसेल तर दोष शोधायला हवा.

सगळ्यात आधी रेडिएटर. आपल्याकडे धूळ, किडे आणि सरकीच्या गाड्यांमागे उडणारा कापूस जाळीत घट्ट बसतो. एसी कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत तर नमद्यासारखा थर होतो. बाहेरून स्वच्छ दिसतं, म्हणून टॉर्च लावून बघाच. कमी दाबाच्या पाण्याने, शक्यतो आतून बाहेर धुवा. प्रेशर वॉशरने फिन्स (रेडिएटरच्या पातळ पट्ट्या) वाकतात.

मग हे पाणी फिरवणारा इलेक्ट्रिक पंप चालतो का आणि कूलंट बदलताना हवा अडकली का, हे मेकॅनिककडून तपासून घ्या. बोअरचं पाणी मात्र कधीच टाकू नका, क्षाराने बारीक नळ्या बुजतात. मोठा इंटरकूलर बसवण्याचा विचार शेवटी. आधी हे करा.