'देवाची प्रीती' : कोणाची, कोणावर?

प्रश्न असा आला आहे : एका ख्रिस्ती मैत्रिणीने पत्रात लिहिलं, 'देवाच्या प्रीतीने मला या दुखण्यात बळ दिलं.' इथे प्रीती करतंय कोण, देव की ती? आणि नेहमीचा 'प्रेम' सोडून 'प्रीती' का?

दुसऱ्या भागाचं उत्तर सोपं आहे. दोन्ही शब्द संस्कृतातल्या 'प्री' धातूचेच. खूश करणे, तृप्त करणे हा त्याचा अर्थ. आपल्या बोलण्यात 'प्रीती' मागे पडली, कविता-गाण्यांत उरली आणि तिला प्रियकर-प्रेयसीचा रंग चढला. मराठी बायबलात मात्र 'अगापे' या ग्रीक शब्दासाठी तीच रुळली : 'देवाने जगावर एवढी प्रीती केली', 'देव प्रीती आहे'. त्यामुळे ख्रिस्ती घरांत हा शब्द प्रार्थनेतून, उपदेशातून सतत कानावर पडतो. तिथे त्याला जुनेपणाचा वास येत नाही.

खरी गंमत पहिल्या भागात आहे. 'चा-ची-चे' हा षष्ठीचा प्रत्यय दोन्हीकडे वळतो. 'आईची माया' म्हणताना माया करणारी आई. 'आईची आठवण' म्हणताना आठवण काढणारे आपण. 'देवाची कृपा' देव करतो, 'देवाची भक्ती' माणूस करतो. मग 'देवाची प्रीती' कुठल्या रांगेत बसवायची? 'देवाची ओढ', 'देवाची आस' कानात असलेल्याला ती माणसाच्या मनातली वाटली, तर त्यात नवल नाही.

बायबलाचा नवा करार मुळात ग्रीकमध्ये लिहिलेला आहे, आणि तिथेही हाच पेच आहे. ख्रिस्ताचा संदेश गावोगावी नेणाऱ्या पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या ५ व्या अध्यायात एक साखळी येते : संकटाने धीर, धीराने शील, शीलाने आशा. ही आशा फसवत नाही, कारण देवाची प्रीती आपल्या अंतःकरणात ओतली गेली आहे, असं तो पुढे म्हणतो. ही प्रीती म्हणजे आपली देवावरची प्रीती, असा अर्थ ऑगस्टीनसारख्या थोर भाष्यकाराने घेतला होता. मला तो पटत नाही. कारण तीनच ओळींनंतर, ८ व्या ओवीत, पौल स्वतःच उलगडा करतो : आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला, यात देव आपल्यावरची त्याची प्रीती दाखवतो. करणारा देव, आणि तीही आपण तिला लायक नसताना. ८ व्या अध्यायाच्या शेवटी मरण, जीवन, उंची, खोली यांतलं काहीच आपल्याला देवाच्या प्रीतीपासून तोडू शकणार नाही असं येतं. तिथेही दोन ओव्या आधी 'ज्याने आपल्यावर प्रीती केली' असे शब्द आहेतच.

हे लिहिणारा माणूस सुखात बसून लिहीत नव्हता, हेही लक्षात घ्यावं. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तो आपला हिशेब देतो : पाच वेळा एक कमी चाळीस फटके, तीन वेळा छड्यांचा मार, एकदा दगडमार, तीन वेळा गलबत फुटलं. 'धीर' हा शब्दही त्याच्याकडे वजनदार आहे. मूळ ग्रीक 'हुपोमोने', शब्दशः 'खाली राहणे' : ओझ्याखालून पळ न काढता तिथेच टिकून राहणं.

हा फरक मला व्याकरणाच्या पुस्तकात कळला नाही. आईच्या शेवटच्या आजारात मी तिला रोज संध्याकाळी थोडं वाचून दाखवत असे. एकदा तिने मला मध्येच थांबवलं. म्हणाली, 'बाळा, माझ्याच्याने आता प्रार्थनाही होत नाही. मनात काही उमटतच नाही. देवाची प्रीती आटली बघ माझ्यातली.' मी तिला हीच ८ वी ओवी पुन्हा वाचून दाखवली आणि म्हटलं, 'आई, ही त्याची आहे, तुझी नाही.' ती बराच वेळ छताकडे बघत राहिली. मग तिने माझा हात ओढून पुस्तकावर ठेवला आणि 'परत वाच' म्हणाली. तिचं दुखणं त्याने कमी झालं नाही, पण त्या रात्री ती रडली नाही.

म्हणून तुमच्या मैत्रिणीच्या वाक्यात करणारा देव आहे, असंच मी वाचेन. 'बळ दिलं' हे क्रियापदही तिकडेच बोट दाखवतं : ते बाहेरून आलं आहे, तिने ते स्वतःच्या भक्तीतून उपसून काढलेलं नाही. योहानाच्या पहिल्या पत्रात हा क्रम स्पष्टच सांगितला आहे : आपण देवावर प्रीती केली असं नव्हे, तर त्याने आपल्यावर केली. आपल्याकडे 'परमेश्वरप्रीत्यर्थ' हा जुना प्रयोग आहे. त्यात माणूस काही करतो ते देव प्रसन्न व्हावा म्हणून. इथे ओघ उलटा, देवाकडून माणसाकडे.

आणि कधी तुम्हाला दुसरा अर्थ लिहायचा असेल, तर मराठीने सोय करून ठेवली आहे. 'देवावरची प्रीती' म्हणा. त्या 'वरची'मुळे शंकेला जागा राहत नाही.