पियानोच्या गंजलेल्या पिनांना तेल लावू का?

प्रश्न: वसईला आजोबांच्या वेळचा अपराइट पियानो आहे, पावसाळ्यात काही पट्ट्या दाबल्या की खालीच राहतात आणि मधले दोन-तीन स्वर तर ट्यूनर येऊन गेला तरी आठवड्यात उतरतात. पिनांवर तेल सोडलं तर चालेल का?

उत्तर: ताई, तेल अजिबात नको! पट्टी काढलीत की खाली दोन पिना दिसतील, मधली गोल आणि पुढची चपटी, त्यांच्यावर गंज चढला की पट्टीतलं बनातीचं, म्हणजे जाड लोकरी कापडाचं, अस्तर अडकतं. फडक्याला थोडं मेटल पॉलिश लावून पिना चकचकीत करा, मग कोरड्या फडक्याने नीट पुसून घ्या, बनातीला मात्र लागू देऊ नका. पट्टी डुगडुगत असेल तर अस्तर बदलायचं, आमच्या पियानोत कुणीतरी पक्कडीने पुढच्या पिनाच फिरवून ठेवल्या होत्या, तात्पुरतं बरं वाटतं पण अस्तर आणखी लवकर झिजतं.

स्वर उतरतो ते वेगळं, तिथे तारेची खुंटी लाकडात सैल झालेली असते. तिथे तेल गेलं तर लाकूड पकडच सोडतं. ट्यूनरला आहे त्यापेक्षा एक साइज जाड खुंटी घालायला सांगा, स्वतः नको, एकेका तारेला साधारण 70-80 किलोचा ताण असतो आणि गंजलेली तार पटकन तुटते.