डोळ्यांच्या क्षेत्रात येण्याआधी

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

डोळ्यांच्या क्षेत्रात यायचं म्हणतोस, पण पत्रात सगळ्यांनाच ‘डोळ्यांचे डॉक्टर’ म्हटलं आहेस. आधी तेवढा गुंता सोडवू, कारण कामं वेगळी आणि शिक्षणही वेगळं.

नेत्रतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवी घेऊन पुढे डोळ्यांचंच शिक्षण घेतलेला डॉक्टर. औषधोपचार, लेझर, मोतीबिंदूचं ऑपरेशन ही त्याची कामं. त्यातही कोणी रेटिना म्हणजे डोळ्याच्या आतला मागचा पडदा, कोणी कॉर्निया म्हणजे पुढचा पारदर्शक पडदा, कोणी काचबिंदू धरतं. वाट लांबची आहे.

तुझा स्वभाव पाहता मला ऑप्टोमेट्रिस्टचं काम तुझ्या जवळचं वाटतं. नंबर काढणं, कॉन्टॅक्ट लेन्स बसवणं, डोळ्याचा दाब पाहणं, आजाराची खूण ओळखणं. काही देशांत त्यांना ठरावीक औषधंही लिहून देता येतात. हनुवटी टेकवली की मशीन नंबर छापून देतं, पण खरं काम तिथून पुढे सुरू होतं. ट्रायल फ्रेममध्ये एकेक भिंग बदलत ‘आता स्पष्ट, की मघाशी?’ विचारायचं. पेशंट थकला की अंदाजानं उत्तरं देतो, ते त्याच्या आवाजावरून ओळखायचं आणि थांबायचं. लहान मुलं नकळत डोळ्यावर ताण देऊन पाहतात, त्यामुळे मायनस नंबर असतो त्याहून जास्त येतो. म्हणून त्यांना तो ताण सैल करणारे थेंब घालून तपासतात. हे संयमाचं काम आहे.

चष्मा बनवून बसवून देणाऱ्या ऑप्टिशियनला लोक दुकानदार समजतात, याचं मला वाईट वाटतं. दोन बाहुल्यांमधलं अंतर किंवा प्रोग्रेसिव्ह (दूरचं-जवळचं एकाच काचेतून दाखवणाऱ्या) काचेची उंची दोन-तीन मिलिमीटरनं चुकली, तर अचूक नंबरचा चष्माही डोकं दुखवतो. तिरळेपणा आणि आळशी डोळ्यावर काम करणारे ऑर्थोप्टिस्ट, कृत्रिम डोळा घडवून त्यातली बुबुळं हातानं रंगवणारे ऑक्युलरिस्ट, हेही याच घरातले.

यातलं काहीही निवड, पण पेशंट पुढे कधी पाठवायचा हे पक्कं शिक. नंबर लावूनही अक्षरं वाचता येत नसतील, तर त्याच्या डोळ्यासमोर बारीक भोकाची चकती धर. तीतूनही सुधारलं नाही, तर चष्मा देऊन मोकळं व्हायचं नाही, कारण शोधायला नेत्रतज्ज्ञाकडे पाठवायचं. अचानक लखलखाट, काळ्या ठिपक्यांचा पाऊस, कडेनं पडदा ओढल्यासारखी सावली असं कोणी सांगितलं, तर त्याच दिवशी. रेटिना सुटत असू शकतो. आणि तक्त्यावर 6/6, म्हणजे सामान्य नजरेइतकं, दिसतं म्हणून डोळा निरोगी, असं कोणालाही सांगू नकोस. काचबिंदू बहुतेकदा न दुखता कडेची नजर खातो, समोरचं शेवटपर्यंत स्पष्ट दिसत राहतं.

प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी परवानगी काढून दिवसभर एखाद्या ऑप्टोमेट्रिस्टच्या खोलीत बस. दुपारनंतर, तेच प्रश्न ऐकून झाल्यावरही, पुढच्या पेशंटचं उत्तर ऐकावंसं वाटतं का, ते मला लिहून कळव.

तुझा,
काका