कुठल्या पेशीवर?

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. आरएनएच्या मोजणीत पीडी-एल१ (टी पेशींना थोपवणारं, पेशीच्या पृष्ठभागावरचं प्रथिन) भरपूर, आणि त्याच गाठीच्या स्लाइडवर कर्कपेशी जवळपास कोऱ्या, त्याचा रंगच चढलेला नाही, मग खरं काय? दोन्ही खरं आहे. तू अख्खी गाठ वाटून तिचा आरएनए मोजलास. कर्कपेशी, त्यांच्यावर चालून येणाऱ्या टी पेशी, मॅक्रोफेज या भक्षक पेशी, रक्तवाहिन्या, सगळं त्यात आलं. तो आकडा सगळ्यांचा मिळून आहे. या पत्रात मी तुला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारणार आहे: कुठल्या पेशीवर?

मर्केल सेल कार्सिनोमात, तुझ्या या त्वचेच्या कर्करोगात, हा प्रश्न टाळून चालतच नाही. २००८ मध्ये पिट्सबर्गमध्ये युआन चँग आणि पॅट्रिक मूर यांच्या गटाला या गाठींत नवा पॉलिओमा विषाणू सापडला, तपासलेल्या १० गाठींपैकी ८ मध्ये. त्याचा डीएनए पेशीच्या जनुकसंचात जाऊन बसलेला असतो, टी अँटिजेन हे विषाणूचं प्रथिन बनत राहतं, आणि या गाठी त्याच्याच जोरावर वाढतात. म्हणजे परकं प्रथिन समोर आहे. विषाणू नसलेल्या गाठींत अतिनील किरणांनी झालेली म्युटेशन्स ढिगाने असतात. परकेपणा तिथेही आहेच. तरी गाठ वाढते. का वाढते, हे पेशींवरच्या प्रथिनांच्या बेरजेतून कळत नाही. ती कुठल्या पेशीवर आहेत हे पाहावं लागतं.

टी पेशी येते, इंटरफेरॉन-गॅमा हे संदेश देणारं प्रथिन सोडते, आणि शेजारची कर्कपेशी पीडी-एल१ पृष्ठभागावर आणते. म्हणून पीडी-एल१चा रंग बहुधा लिम्फोसाइट (टी पेशी आणि त्यांच्या जातीच्या पेशी) जमलेल्या कडेला दिसतो आणि आतला भाग कोरा राहतो. कंट्रोल स्लाइड नीट आली असेल तर तुझं स्टेनिंग बिघडलेलं नाही. तू कडेचे फोटो काढलेस का? मधलेच काढले असशील. सगळे मधलेच काढतात, आणि मग मला विचारतात!

पीडी-एल१ ज्याला चिकटतो त्या पीडी-१ रिसेप्टरचंही तेच. विषाणूला ओळखणाऱ्या टी पेशींवर तो असतो, अनेकदा सोबत टिम-३ हा दुसरा ब्रेकही. पण नुसता पीडी-१ पाहून ‘थकलेली पेशी’ लिहू नकोस, नुकतीच चेतलेली पेशीही तो दाखवते. एमएचसी वर्ग १, म्हणजे पेशीच्या आतल्या प्रथिनांचे तुकडे टी पेशीला दाखवणारा रेणू, मात्र बहुतेक गाठींत कर्कपेशींवर कमी झालेला असतो, आणि इंटरफेरॉनने तो परत येऊ शकतो. तुझ्या मोजणीत शेजारच्या लिम्फोसाइटचा एमएचसी बिनदिक्कत कर्कपेशीच्या नावावर जमा होतो. कुठल्या पेशीवर, ते सांग.

तुझे वरिष्ठ म्हणतात, स्लाइड्स सोड, आकडे छापून टाकू. त्यांची घाई मला कळते. मी सूक्ष्मदर्शकाला चिकटून राहिलो, माझे शोधनिबंध थोडे झाले आणि उशिरा आले, बरोबरीचे पुढे गेले. त्याची चुटपुट आहे. आमच्याकडे गाठीच्या एका पातळ छेदावर एकच रंग चढायचा. मारक टी पेशींची खूण सीडी८ एका छेदावर, पीडी-१ पुढच्या छेदावर, आणि दोन्ही खुणा एकाच पेशीच्या की शेजारशेजारच्या, हे शेवटपर्यंत ठरत नसे. तुला एकाच छेदावर सहा-सहा रंग मिळतात आणि तू तेच सोडायचं म्हणतेस. हे मला सहन होत नाही.

माझा हट्ट वाया गेला असं मी मानत नाही. २०१६ मध्ये पेम्ब्रोलिझुमॅब या पीडी-१ अडवणाऱ्या औषधाच्या २६ रुग्णांच्या चाचणीचे निकाल आले. विषाणू असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही प्रकारच्या गाठी आटल्या. पण कर्कपेशींवरच्या पीडी-एल१वरून कोणाला गुण येईल हे सांगता आलं नाही. पुढे पीडी-१ आणि पीडी-एल१ असलेल्या पेशी किती दाट आहेत, एकमेकींच्या किती जवळ आहेत, हे मोजलं तेव्हा कुठे काही हाती लागू लागलं. इतकी वर्षं मी दुसरं काय म्हणत होतो?

आता एवढं कर. पॅथॉलॉजिस्टला शेजारी बसव. सायटोकेराटिन-२० या खुणेने कर्कपेशी निश्चित कर, टी पेशींसाठी सीडी८ आणि मॅक्रोफेजसाठी सीडी६८ सोबत घे, कड आणि मध्य वेगवेगळे मोज. विषाणू असलेल्या आणि नसलेल्या गाठी एका रकान्यात कोंबू नकोस. आरएनएचा आकडाही टाकून देऊ नकोस, तो कष्टाने मिळवला आहेस. फक्त त्याच्याखाली ‘अख्खी गाठ’ असं स्पष्ट लिही. वरिष्ठ रागावले तर हे पत्र त्यांना दाखव.