चेनसॉ घेताना कंपनीच्या नावाआधी काय तपासावे

चेनसॉबाबत शेतकऱ्यांकडून आलेल्या प्रश्नांचा आशय साधारण एकच आहे. स्टिल, हस्कवर्ना, इको आणि मकिता यांपैकी दर्जाला आणि टिकाऊपणाला कोणती कंपनी चांगली, विक्रेता सुचवतो ते 58 सीसीचे स्वस्त यंत्र घ्यावे का, आणि काम केल्यावर बोटांना मुंग्या येतात त्यावर उपाय काय, असे विचारले आहे.

यांपैकी पहिल्या तीन कंपन्यांची यंत्रे विश्वासार्ह आहेत आणि केवळ नावावरून त्यांचा क्रम लावण्यात अर्थ नाही. खरा फरक एकाच कंपनीच्या दोन मालिकांमध्ये असतो. स्टिलचे एमएस 250 हे 45.4 सीसीचे यंत्र 2.3 किलोवॅट ताकद देते आणि पट्टा (साखळी ज्याच्या कडेने फिरते ती लांब पोलादी पट्टी) व साखळी वगळून त्याचे वजन 4.6 किलो भरते, तर त्याच कंपनीचे एमएस 261 हे 50.2 सीसीचे यंत्र 4.9 किलो वजनात 3.0 किलोवॅट देते. दुसरे यंत्र रोज जंगलकाम करणाऱ्यांसाठी बनवलेले असून त्याचा क्रँककेस, म्हणजे इंजिनाचे धातूचे कवच, मॅग्नेशियमचा आहे. हस्कवर्नाच्या 445 आणि 545 यांच्यातही याच प्रकारचे अंतर आहे. वर्षातून काही दिवस छाटणी आणि सरपण एवढेच काम असेल, तर व्यावसायिक मालिकेवर जादा पैसे घालू नयेत. मकिताने 1991 मध्ये डोलमार ही जुनी जर्मन कंपनी घेतली होती, त्यामुळे तिची पेट्रोल यंत्रे चांगल्या घराण्यातली आहेत. परंतु 2022 मध्ये तिने इंजिनवर चालणाऱ्या यंत्रांचे उत्पादन बंद केले. तेव्हा शिल्लक माल स्वस्तात मिळाला, तरी सुटे भाग पुढे कोण देणार हे आधी लेखी विचारून घ्यावे.

आता विक्रेत्याच्या सल्ल्याविषयी. सीसीच्या आकड्यावर यंत्र घेऊ नये. स्टिल एमएस 180 हे सुमारे 32 सीसीचे आहे आणि हस्कवर्ना 120 हे 38 सीसीचे, तरीही दोघांची ताकद 1.4 ते 1.5 किलोवॅटच्या आसपासच आहे. स्वस्त यंत्रावर छापलेला 58 चा आकडा बहुधा मॉडेलचा क्रमांक असतो, इंजिनाची प्रत्यक्ष क्षमता त्याहून कमी निघते. माहितीपुस्तिकेत किलोवॅट, वजन आणि कंपन हे तीन आकडे दिलेले नसतील, तर विक्रेता काहीही सांगो, ते यंत्र घेऊ नये. त्यावर 22 इंची पट्टा बसवून दिला जातो, तोही नको. फळबागेच्या छाटणीला 12 ते 14 इंची आणि सरपणाला 16 इंची पट्टा पुरतो. लांब पट्ट्याचे टोक नकळत दुसऱ्या फांदीला लागते, आणि टोकाच्या वरच्या अर्ध्या भागाचा असा स्पर्श झाला की यंत्र उसळून थेट तोंडाकडे येते. ज्या यंत्राला अशा वेळी साखळी तत्काळ थांबवणारा ब्रेक नाही, त्याला हात लावू नये.

बोटांना मुंग्या येणे हा कंपनाचा परिणाम आहे आणि तो अंगवळणी पडू देऊ नये, कारण पुढे बोटे पांढरी पडतात आणि संवेदना कायमची कमी होऊ शकते. युरोपीय नियमांनुसार आठ तासांच्या कामासाठी 2.5 मीटर प्रति सेकंद वर्ग ही कंपनाची अशी पातळी आहे की जिच्या पुढे मालकाला उपाय करावेच लागतात. मुठीवर 5 कंपन देणारे यंत्र ही पातळी दोन तासांत गाठते आणि 10 देणारे यंत्र अर्ध्या तासात. म्हणून दोन मॉडेलांची तुलना करताना पुढच्या आणि मागच्या मुठीचे आकडे शेजारी ठेवून पाहावेत, आणि यंत्र इंधन भरून काही मिनिटे हातात धरून पाहिल्याशिवाय खरेदी करू नये. कानाला संरक्षण आणि पायांना कापरोधक आवरण हवेच.

दुरुस्तीला आलेली बहुतेक यंत्रे कंपनीच्या दोषाने बिघडलेली नसतात, त्यांच्या इंधनात गडबड असते. नामांकित कंपनीच्या टू-स्ट्रोक तेलाचे प्रमाण 50 ला 1, म्हणजे 5 लिटर पेट्रोलला 100 मिली, असेल तर तेवढेच घालावे. ‘थोडे जास्त टाका, इंजिन सुरक्षित राहते’ हा विक्रेत्याचा सल्ला ऐकू नये. जादा तेलाने सायलेन्सरची जाळी काजळते, प्लग ओला होतो, आणि मिश्रणातले पेट्रोल कमी झाल्याने इंजिन उलट अधिक तापते. कमी तेलाने पिस्टन जाम होतो. दोन्ही चुका महाग पडतात, म्हणून मापाची बाटली वापरावी, अंदाजाने ओतू नये. इथेनॉलयुक्त पेट्रोल पाणी ओढते, तेव्हा मिश्रण 30 दिवसांच्या आत संपवावे. साखळीला जळके इंजिन ऑइल घालू नये. पुन्हा सांगतो, घालू नये, कारण त्यातील धातूचे कण पंप आणि पट्टा दोन्ही खातात.

माझा आग्रह एका गोष्टीचा आहे: प्रत्येक वेळी टाकी भरताना साखळीला कानस मारावी. कापताना जाडसर सालपे उडण्याऐवजी भुकटी पडू लागली, तर धार केव्हाच गेलेली आहे. मग माणूस यंत्र दाबू लागतो आणि ‘ताकद कमी पडते’ म्हणून विक्रेत्याकडे जातो, तो कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवून रेस वाढवून देतो आणि इंजिन जळते. साखळीच्या कड्यांचे माप (पिच) इंचात सांगतात; 3/8 लो-प्रोफाइल साखळीला 4.0 मिमी आणि .325 साखळीला 4.8 मिमी व्यासाची गोल कानस लागते. साधारण 30 अंशांचा कोन धरून प्रत्येक दाताला सारखेच दोन-तीन हात आतून बाहेर मारावेत. काम संपल्यावर ताण थोडा सैल करावा, कारण तापलेली साखळी थंड होताना आकसते आणि शाफ्टवर भार येतो.

अनुदानाबाबत एवढेच सांगतो: पूर्वसंमतीआधी खरेदी करू नये आणि मॉडेलचा चाचणी अहवाल मागावा.

खरेदीची वेळही बहुतेकांची चुकते. हंगाम तोंडावर आला की गर्दीत विक्रेता जे हाती देईल ते घेतले जाते. काम नसताना खरेदी करावी आणि त्याच दुकानात एअर फिल्टर, प्लग व साखळी हे तीन भाग मागून पाहावेत. ते तिथल्या तिथे मिळाले नाहीत, तर यंत्र कितीही नामवंत कंपनीचे असले तरी तेथून घेऊ नये.