नकार आला की आधी हे बघ
नोकरीच्या अर्जावर नकाराचा मेल आला की तू लगेच स्वतःतली खोट शोधायला बसतोस, ते आधी थांबव. कधी जागा आतल्याच माणसाला मिळते, कधी भरतीच थांबते; हे तुला कोणी कळवत नाही. मुलाखतीपर्यंत पोचतोयस म्हणजे बायोडेटा चालतोय. फोनच येत नसतील तर मात्र जाहिरातीतले कौशल्यांचे शब्द त्यात आहेत का ते तपास. बऱ्याच ठिकाणी पहिली चाळणी सॉफ्टवेअर लावतं.

आरशासमोर 'मी करू शकतो' म्हणून आत्मविश्वास येतो, यावर माझा फारसा विश्वास नाही. केलेल्या कामाचे चार-पाच प्रसंग लिहून काढ: अडचण काय होती, तू नेमकं काय केलंस, त्यातून काय झालं. कॉलेजचा प्रोजेक्टही चालेल. मग ते मोठ्याने बोल, मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐक. स्वतःचा आवाज ऐकून कसंनुसं होतं, सगळ्यांनाच होतं. 'स्वतःबद्दल सांगा' याचं उत्तर दीड मिनिटात बसव.

दिवसभर जॉब पोर्टल उघडून बसू नकोस. ठरावीक वेळ दे आणि लॅपटॉप मिट. ओळखीच्यांशी बोलताना थेट काम मागण्याऐवजी "तुमच्या क्षेत्रात सध्या कुठली कामं निघतायत?" असं विचार. लोक मोकळेपणाने सांगतात.